पडद्यावरील बिंदू आणि देवनागरी अक्षर

समजा, किल्लारीच्या एखाद्या शाळेत तिसरीच्या वर्गापुढे लातूर जिल्ह्याचा नकाशा प्रोजेक्टरने भिंतीवर दाखविला आहे. औशाच्या दक्षिणेस मुलांचे स्वतःचे गाव लिहिलेले आहे. परंतु मागील रांगेतील मुलगी ते ‘किलारी’ असे वाचते. अर्धा ‘ल’ पुढच्या ‘ल’मध्ये विरून गेला आहे. अशा वेळी मुलीस वाचनात कच्ची ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी पडदा तपासावा.

पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचे बनते. आडव्या व उभ्या बिंदूंच्या संख्येस रिझोल्यूशन म्हणतात. १९८७ साली आयबीएम कंपनीने ६४० × ४८० बिंदूंचा प्रकार प्रचारात आणला. पुढे ८०० × ६०० व १०२४ × ७६८ हे प्रकार रूढ झाले. या सर्वांत रुंदी व उंची यांचे प्रमाण ४ : ३ होते. लॅपटॉपवर नंतर १३६६ × ७६८ आणि १९२० × १०८० हे रुंद पडदे आले. त्यांचे प्रमाण जवळजवळ १६ : ९ आहे.

जुन्या काचनळीच्या पडद्यावर निरनिराळ्या बिंदुसंख्या बऱ्यापैकी चालत. आजच्या सपाट पडद्यातील बिंदू मात्र कारखान्यातच कायमचे बसविलेले असतात. त्याहून कमी बिंदूंचे चित्र दिले, की पडदा ते ताणून भरतो आणि कडा पुसट होतात. रोमन अक्षरे हे पुष्कळसे सोसतात. देवनागरीस ते सोसवत नाही. शिरोरेषेवर रफार, मात्रा व अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, अशी येथे दाटी असते. ‘मंद’चा ‘मद’ होतो; ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद मावळतो.

भूमितीच्या पाठात तर याहून मोठा घोटाळा होतो. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर १०२४ × ७६८ चे चित्र ताणून बसविल्यास ३०० बिंदूंच्या बाजूचा चौरस सुमारे ४०० रुंद व ३०० उंच असा आयत होतो आणि वर्तुळ लांबट दिसते. शिक्षक तोंडाने चौरस म्हणतात, डोळ्यांस आयत दिसतो. मुलांनी कोणते खरे मानावे?

अक्षरे मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन उतरविण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. हेतू चांगला, उपाय चुकीचा. ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते, तोच ठेवावा आणि ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. म्हणजे तेच अक्षर अधिक बिंदूंनी रेखले जाते. मोठेही होते आणि स्पष्टही राहते.

प्रोजेक्टर जोडल्यावर हे पुन्हा पाहणे जरूर आहे. लॅपटॉप व प्रोजेक्टर दोहोंवर एकच चित्र दाखविताना संगणक दोघांना झेपेल अशी संख्या निवडतो व ती बहुधा कमी असते. चित्र केवळ प्रोजेक्टरवर ठेवल्यास त्याची स्वतःची संख्या निवडता येते. पडद्यावर एक चौरस काढून भिंतीवरील त्याच्या दोन्ही बाजू फूटपट्टीने मोजाव्यात.

लोकवर्गणीतून नवा प्रोजेक्टर घेताना खोक्यावरील मोठ्या अक्षरांतील ‘१०८० सपोर्ट’ या शब्दांवर विसंबू नये. त्यांचा अर्थ इतकाच, की तेवढ्या बिंदूंचे चित्र यंत्र स्वीकारते. दाखविताना ते ८०० × ६०० मध्ये आटविणारी यंत्रेही बाजारात असतात. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ किती, हे दुकानदारास विचारून पावतीवर लिहून घ्यावे.