नवी बॉडी, जुना नंबर

जुनी गाडी विकत घेणारा माणूस आधी बॉनेट उघडतो. पत्र्याचं काम करणारा माणूस आधी खाली वाकतो. इंजिन कितीही वेळा खोलून बसवता येतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग आजही मिळतात. गाडी संपते ती पत्र्यानं. मी हे नांदेडला देगलूर नाक्याकडच्या एका शेडमध्ये शिकलो, पुढं लातूरला स्वतःचं डेंटिंगचं काम सुरू केलं, आणि आजही गिऱ्हाईक मायलेजबद्दल बोलत असतं तेव्हा माझा हात दाराखालच्या पोकळ पट्ट्यावर फिरत असतो. बोटानं टिचकी मारली की खणखणीत वाजतो तो पत्रा, बद्द वाजते ती पुट्टी. आमच्या उस्तादांच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक असायचं. पुट्टीवर ते चिकटत नाही. विकणाऱ्याचा चेहरा तिथंच उतरायचा.

आता प्रश्न असा, की पत्राच गेला तर काय करायचं? याचं उत्तर गाडीच्या बांधणीवर आहे. ट्रक, एसटी आणि जुनी जीप यांना खाली स्वतंत्र चासी असते. सगळं ओझं तिच्यावर, बॉडी वरून बोल्टांनी बसवलेली. बॉडी कुजली तर बोल्ट काढा, उचला, दुसरी ठेवा. एसटी हेच करत आली आहे. चिकलठाणा, दापोडी आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत चासीवर बॉडी बांधतात, आणि गेल्या काही वर्षांत तर धावून थकलेल्या चासीवरची ॲल्युमिनियमची बॉडी काढून पोलादी बॉडी चढवली गेली. उदगीर किंवा किनवटच्या प्रवाशाला ती नवी बस वाटते. खालची चासी जुनीच असते.

दुसऱ्या प्रकारात चासीच नसते. पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगनं जोडून जो डबा तयार होतो, तोच सगळं ओझं उचलतो. प्रीमियर पद्मिनी अशी, ॲम्बेसेडर अशी, आजच्या बहुतेक कार अशाच. लातूरकरांना हे समजावणं आता सोपं झालंय. हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्यातून 25 डिसेंबर 2020 ला पहिलं 'शेल' बाहेर पडलं तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. चाकं नाहीत, आसनं नाहीत, नुसता जोडलेला डबा, पण ताकद सगळी त्याच्यात. मोटारीचं शेलही तेच.

जगभरच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं दुखणं इथंच आहे. इंग्लंडमधली एमजीबी घ्या. ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 पर्यंत पाच लाखांहून जास्त बनल्या. दोन माणसांची, छप्पर उघडणारी, तशी परवडणारी गाडी. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीला ती काढून टाकली. पण हिवाळ्यात तिथं रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते खारं पाणी दाराखालच्या पोकळीत शिरतं आणि आतून खात जातं. जिथं दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथं रंग पोचत नाही, गंज तिथूनच धरतो. वरून गाडी चकाचक आणि जॅक लावला तर जॅक आत घुसतो. अशा गाडीला ठिगळं लावायची म्हणजे कणाच कापून जोडायचा. माप मिलिमीटरांत चुकलं तरी दार बसत नाही.

मग 1988 साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं एमजीबीचं अख्खं शेल नव्यानं विकायला काढलं. पत्रे कुणी अंदाजानं ठोकलेले नव्हते. एमजीबीचे पत्रे ज्या डायवर, म्हणजे साच्यांवर, दाबले जायचे, त्या मूळ डाय शोधून पुन्हा प्रेसवर चढवल्या. कुजलेल्या गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, काचा, सीट काढायच्या आणि नव्या शेलमध्ये बसवायच्या. माझ्या लेखी या सगळ्या कहाणीत डाय सांभाळणारा माणूस मोठा. पत्रा कुठंही मिळतो. पण डाय भंगारात गेली, की त्या गाडीचा आकार कारागिराच्या हातातल्या हातोडीवर आणि नजरेवर येऊन ठेपतो. हात चांगला असेल तर ठीक.

लोटस एलानची गंमत उलटी. तिची बॉडी फायबरची, ती गंजत नाही. खालची पोलादी चासीच गंजते. त्यामुळं लोटसनं जुन्या गाड्यांसाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या चासी पुरवल्या.

श्रीमंत गाड्यांचं जग निराळं. फेरारीनं 2006 मध्ये 'क्लासिके' नावाचा विभागच काढला. जुन्या नकाशांशी ताडून गाडी दुरुस्त करायची आणि अस्सलपणाचा दाखला द्यायचा. जग्वारनं त्याहून पुढची मजल मारली. 1963 ला ई-टाइपच्या हलक्या, ॲल्युमिनियम बॉडीच्या 18 गाड्या ठरल्या होत्या, झाल्या 12. उरलेले सहा चासी नंबर वापरून कंपनीनं 2014 पासून सहा नव्या गाड्या बांधल्या. काम देखणं आहे, यात वाद नाही. पण याला जीर्णोद्धार म्हणायला माझी जीभ वळत नाही. जी गाडी कधी रस्त्यावर आलीच नाही, ती दुरुस्त कशी होणार?

सगळं नवं घातलं तर गाडी जुनी कशी, हे गिऱ्हाईक मलाही विचारतं. ब्रिटनच्या परिवहन खात्यानं यासाठी बरीच वर्षं गुणांची पद्धत चालवली. चासी किंवा शेलला 5 गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2, आणि इंजिनाला फक्त 1. आठ गुण भरले की जुना नंबर कायम. शेल नवं असलं तरी मूळच्याच नमुन्याचं असेल तर पाचही गुण मिळत. इंजिनाला एकच गुण, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आपल्याकडं कायदा जास्त कडक आहे, आणि ते बरंच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीच्या मूळ नमुन्याबाहेर बदल चालत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. जीपवाल्यांना हे रुचत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या जीपना नव्या बॉड्या चढतात, आणि तिकडून फोटो आले की इथला तरुण मोबाइल पुढं करतो: "मामा, अशीच रुंद करून द्या." मी देत नाही. होती तशी हवी असेल तर जरूर करून देतो. मराठवाड्यात पावसानं जीप कमी कुजते. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे लातूर. इथं पत्रा खातं ते मागं लादलेलं खत. युरियाची पोती फुटतात, दाणे फटीत बसतात, ओल धरतात, आणि तळाची चाळण होते. त्यावर पुट्टी फासून रंग मारणं ही निव्वळ फसवणूक आहे. कुजलेलं कापून त्याच गेजचा पत्रा जोडावा, आतून प्रायमर द्यावा, पाणी निघून जायची भोकं मोकळी ठेवावीत.

जुलै 2021 मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. वय 50 वर्षांहून जास्त, वापर धंद्यासाठी नको, आणि चासी, बॉडी शेल वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000 रुपयांत. रोजच्या वापराला ही गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यासाठी ती काढता येते.

तेव्हा आजोबांची फियाट किंवा जीप वाड्याच्या मागं उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा. चासी नंबर कुठं कोरलाय ते बघा आणि त्यावरचा जुना रंग थिनरच्या फडक्यानं पुसून वाचा. तिथं ग्राइंडर लावू देऊ नका, डेंटर कितीही ओळखीचा असला तरी. काम सुरू करण्याआधी चारी बाजूंचे आणि खालचे फोटो काढा, कापलेला जुना पत्रा काम पुरं होईस्तोवर परत मागून ठेवा. आणि खरेदीला निघाला असाल तर चुंबक बरोबर न्या.