चुकांचा दर आणि चुकांची दिशा

‘जिवाणू औषधाला सरावतात’ असं आपण सर्रास म्हणतो आणि औषध समोर आल्यावर जिवाणू त्यावर तोड काढतो, असं नकळत गृहीत धरतो. या समजुतीला १९४३ साली साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी सुरुंग लावला. त्यांनी ई. कोलाय जिवाणू निरनिराळ्या नळ्यांत वाढवले आणि मग त्यांची गाठ त्यांना मारणाऱ्या विषाणूशी घालून दिली. प्रतिकार विषाणूच्या संपर्कातून उपजत असता, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जिवाणू तगले असते. पण एका प्रयोगात २० नळ्यांपैकी ११ नळ्यांतून एकही वसाहत उगवली नाही. एकीतून मात्र १०७, दुसरीतून ६४ उगवल्या. म्हणजे बदल आधीच होऊन गेला होता. जिथे तो लवकर झाला, तिथे त्याचा वंश फोफावला.

असे बदल, म्हणजे उत्परिवर्तनं, विरळ असतात ते दुरुस्तीमुळे. ई. कोलायच्या सुमारे ४६ लाख अक्षरांच्या डीएनएची नक्कल होताना चुकीचं अक्षर बसलं, की म्यूटएस हे प्रथिन ते हेरतं. पण जोडीतलं चुकीचं अक्षर कोणतं, हे कसं ठरवायचं? जुन्या धाग्यावर जीएटीसी या क्रमावर मिथाइलच्या खुणा असतात, नव्यावर त्या उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या अवधीत म्यूटएच हे प्रथिन बिनखुणेचा धागा कापतं आणि तो तुकडा नव्याने भरला जातो. ही साखळी उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ती तुटली, तर उत्परिवर्तनं शंभरपट किंवा त्याहूनही वाढतात. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ई. कोलायच्या १२ वंशांपैकी निम्म्यांत असे चुका वाढवणारे जिवाणू माजले. तेव्हा चुकांचा दर अढळ नाही. निवडीच्या रेट्याखाली तोही बदलतो.

यावर आक्षेप येतो तो इथेच. जॉन केर्न्स यांनी १९८८ मध्ये उपाशी जिवाणूंत नेमकी उपयोगी उत्परिवर्तनं होत असावीत, असं सुचवलं. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने डीएनएला इजा झाली, की रेकए हे प्रथिन जागं होतं, लेक्सए हे दुसरं प्रथिन तुटतं आणि चुका करणारी पॉलिमरेझ कामाला लागते. मग औषधच बदल घडवत नाही का? घडवतं, पण हव्या त्या जागी नव्हे. केर्न्स यांच्या धर्तीच्या पुढच्या प्रयोगांत निवडीशी संबंध नसलेल्या जनुकांतही बदल सापडले. संकटात वेग वाढतो, दिशा आंधळीच राहते. (वृत्तपत्रांतल्या ‘चलाख’ जिवाणूला इथे थारा नाही.)

क्षयरोगाच्या उपचारात हा फरक कामी येतो. आयसोनायझिडला दाद न देणारा जिवाणू ढोबळमानाने दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जिवाणू सहज मावतात. म्हणजे एकेकट्या औषधाला पुरून उरणारे तिथे आधीपासूनच असतात. दोन्ही बदल एकाच पेशीत जुळून येण्याची शक्यता मात्र एकावर चौदा शून्यांत एक. बदल औषधाकडे बघून होत असते, तर हा गुणाकार लागूच पडला नसता. म्हणूनच क्षयावर एकटं औषध देणं चूक आहे आणि ठरलेल्या गोळ्यांमधून एखादी मनानेच वगळणंही तितकंच चूक.