सुटे भाग आणून घरी पीसी जोडताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घ्यायला गेलात की दुकानदार आधी बजेट विचारतो. तुम्ही काम सांगा. टायपिंग, मुलांचा अभ्यास आणि सिनेमे एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पुरतो. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असतो त्यात ते नसतात, आणि थोडा स्वस्त म्हणून नेमका तोच गळ्यात पडतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्डचा सॉकेट एकच हवा. एएमडीचा एएम५ प्रोसेसर एएम४ बोर्डावर बसत नाही. रॅमचंही तसंच: डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. काटकसर कॅबिनेटवर करा, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर नको. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस दुकानातच सोडून या. असला माल जळताना कधीकधी मदरबोर्डलाही सोबत नेतो.

घरी आल्यावर लगेच कॅबिनेट उघडू नका. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. हल्ली बहुतेक वेळा पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि एक जरी वाकली तरी बोर्ड गेल्यात जमा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि तो अलगद सोडा, दाबू नका. खटका खाली घेताना मात्र जोर लागतो, करकर आवाजही येतो. ते ठीक आहे. वरचं काळं प्लास्टिक आपोआप सुटतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर लागेल. मग मटाराएवढी थर्मल पेस्ट, आणि कूलरच्या तळाची फिल्म आठवणीने काढून कूलर. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ‘कट्’ आवाज येईपर्यंत.

आता एसएमपीएसच्या दोन वायरी लावा: मोठी २४ पिनांची, आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची, जी हमखास विसरली जाते. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन सुरू होतं. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड रॅम तपासून तिचा मेळ बसवत असतो. घाबरून बंद करू नका. स्क्रीनवर बायोस दिसलं की मगच बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवा. पितळी स्टँडऑफ फक्त बोर्डाच्या भोकांखालीच हवेत, जास्तीचा एखादा राहिला तर शॉर्ट होतो. ग्राफिक्स कार्ड घेतलंच असेल तर मॉनिटरची वायर त्यालाच लावायची, बोर्डाला नाही.

बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगाने चालते. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, तेही तिथेच मिळेल. विंडोज विकत घ्यायचं नसेल तर उबुंटू फुकट आहे.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर दोष बहुधा पीसीचा नसतो. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर थोडा करंट मुद्दाम अर्थिंगकडे सोडतात. घराला अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटवर उतरतो. जुन्या चाळीत, वाड्यात राहत असाल तर इलेक्ट्रिशियनकडून तिसरी पिन आधी तपासून घ्या. वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते, म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून मागा.