डॅशबोर्डची भेग : काटकसर कोठवर करावी?

पेढीची असो वा घरची, आठ-दहा वर्षे उन्हात उभी राहिलेली मोटार आपले वय प्रथम डॅशबोर्डवर दाखवते. काचेलगत बारीक भेग पडते आणि दोन उन्हाळ्यांत ती वीतभर होते. इंजिन ठणठणीत असताना एवढ्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड बदलणे हिशेबी माणसास रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. आयकराच्या नियमांप्रमाणे पेढीच्या मोटारीवर दरसाल १५ टक्के घसारा धरला, तर दहा लाखांची गाडी दहा वर्षांनी वहीत दोन लाखांच्या आत येते. तिच्यावरील खर्च त्याच मानाने असावा.

भेग का पडते? मऊ डॅशबोर्डचे वरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असून त्याखाली फोमचा थर असतो. पीव्हीसी मुळात कडक. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात. उन्हाच्या तापाने ती हळूहळू उडून जातात आणि आवरण आक्रसून फाटते. काचेच्या आतील बाजूस जमणारा धुरकट थर काही अंशी त्यांचाच असतो.

दुरुस्तीपूर्वी भेग कोठे आहे ते पाहावे. चालकाशेजारच्या आसनासाठी एअरबॅग २०२१ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. त्याआधीच्याही अनेक गाड्यांत ती आहे. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूस ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरे असल्यास त्या भागाखाली ती घडी घालून ठेवलेली असते. अपघातात ती सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात आवरण फाडून फुगते. तेथे भरण भरले, रेक्झिन चिकटवले किंवा एखादी वस्तू ठेवली, तर एअरबॅगची वाट अडते, किंवा कडक तुकडे समोर बसलेल्याच्या तोंडावर उडतात. त्या आसनावर बहुधा घरचेच माणूस असते. म्हणून त्या भागातील भेगेचे काम अधिकृत कार्यशाळेकडेच द्यावे.

इतरत्र मात्र काटकसरीस पुष्कळ वाव आहे. सौम्य साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने जागा पुसून पूर्ण वाळू द्यावी. वर उचललेल्या कडा धारदार पात्याने छाटाव्यात. प्लॅस्टिकसाठीचे लवचीक भरण पातळ थरांत भरावे. प्रत्येक थर सुकल्यावर पुढचा द्यावा. नंतर १८० व मग ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलकेच घासून व्हिनाइलसाठीचा रंग फवारावा. झटपट चिकटणारा गोंद टाळावा. तो कडक होतो आणि उन्हात भेग पुन्हा उघडते. भेगा अनेक असतील तर त्या गाडीच्या मापाचे कापडी मॅट हा सर्वांत स्वस्त उपाय. मात्र एअरबॅगचा भाग आणि काचेकडील हवेच्या जाळ्या त्याने झाकल्या जाता कामा नयेत. सीट कव्हरच्या कारागिराकडून रेक्झिन चढवून घेताना हीच अट आधी स्पष्ट सांगावी.

दुरुस्ती टिकावी यासाठी गाडी सावलीत उभी करावी, अन्यथा काचेला आतून चकचकीत पडदा लावावा. तेलकट पॉलिश टाळलेले बरे. त्याची चकाकी काचेत उमटून रस्ता नीट दिसत नाही.

जुनी मोटार खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. डॅशबोर्ड नुकताच मढवलेला दिसला, तर त्याचे कारण विचारावे. एकदा फुटलेली एअरबॅग न बदलता वरून रेक्झिन चढवले जाण्याची शक्यता असते. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, किंवा विझलाच नाही, तर भावाची बोलणी थांबवून गाडी आधी कार्यशाळेत तपासून घ्यावी.