भौतिकोपचारक : पदवी आणि नोंदणी

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी आला म्हणजे त्याचे उपचार संपत नाहीत. लुळ्या पडलेल्या हातापायांना पुन्हा चालना देण्याचे काम पुढे कित्येक महिने चालते. अशा वेळी नाशिकमधील कुटुंब जवळचा भौतिकोपचारक शोधू लागते. शेजारी किंवा उपचार करणारे डॉक्टर नाव सुचवितात. परंतु सुचविलेल्या व्यक्तीचा अधिकार तपासणे हे निराळे काम होय.

हा अधिकार दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पदवीवरून शिक्षण कळते, नोंदणीवरून उत्तरदायित्व. राज्यातील अनेक भौतिकोपचार महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिक येथीलच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. तथापि विद्यापीठ पदवी देते. व्यावसायिकांची नोंदवही ठेवण्याचे काम राज्याच्या २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे सोपविले. पुढे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा नोंदणीस राष्ट्रीय चौकट दिली.

म्हणून पदवी, ती देणारे विद्यापीठ आणि नोंदणी क्रमांक या तीन गोष्टी प्रथम विचाराव्यात. क्रमांक परिषदेच्या नोंदीशी ताडून पाहावा, तसेच नोंदणीची मुदत चालू आहे की नाही, याचीही खात्री करावी. मालिशीच्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्राने ही उणीव भरून निघत नाही. लुळा हात धरून ओढल्यास खांद्याचा सांधा जागचा सरकू शकतो. ही हानी रुग्णाला भोगावी लागते. तेव्हा ही विचारणा संकोच न बाळगता पहिल्याच भेटीत करणे इष्ट होय.