श्वासाकडे लक्ष : स्वतःच्या आणि लेकराच्या

प्रतिवर्षी या अहवालात आम्ही खाटा, यंत्रसामग्री आणि शस्त्रक्रिया यांचा वृत्तान्त आपणांसमोर ठेवतो. यंदा त्यासोबत, जिला काहीही खर्च येत नाही अशा एका गोष्टीविषयी लिहीत आहोत. ती म्हणजे श्वासाकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे.

अहेरी परिसरातून येणारे अनेक रुग्ण ‘दम लागतो’, ‘जीव घाबरा होतो’, ‘छाती भरून येते’ असे सांगतात. या शब्दांमागे निरनिराळी कारणे असतात : वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने खराब झालेली फुप्फुसे, सिकलसेलमुळे वा अन्य कारणाने कमी झालेले रक्त, हृदयविकार आणि कधी केवळ चिंता. हे तपासणीवाचून वेगळे करता येत नाही. म्हणून पुढील विवेचन तपासणीला पर्याय नव्हे, हे प्रारंभीच नमूद करतो.

हृदयाचे ठोके आपण हुकूम देऊन मंदावू शकत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि इच्छेनुसार बदलताही येतो. त्याचे महत्त्व यातच आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित कमी होते. निःश्वास लांबविला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या ‘व्हेगस’ या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो व शरीर विश्रांतीकडे वळते. याउलट घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्याच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, गरगरते, बोटांना मुंग्या येतात, आणि या लक्षणांनी तो अधिकच घाबरतो. हे चक्र तुटते ते श्वास सावकाश झाल्यावर.

पद्धत साधी आहे. सोयीने बसावे, एक हात पोटावर ठेवावा, नाकाने श्वास घेताना पोट वर येते का ते पाहावे आणि घेतला त्याहून सावकाश सोडावा. मन शेताकडे, कर्जाकडे, शेजारच्या खाटेकडे जाईल, ते जाणारच. पुन्हा श्वासाकडे आणावे. पाच मिनिटे पुरेत.

हे नित्य केल्याने चिंता हलकी होण्यास मदत होते, अनेकांना झोप लागणे सोपे जाते. शस्त्रक्रियेनंतर दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो व फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो; अशा वेळी दीर्घ श्वसन हा उपचाराचाच भाग असतो. धुराने फुप्फुसे खराब झालेल्या भगिनींनी चुलीवर फुंकणी धरताना करतात तसे ओठ करून, पण जोर न लावता, हळूहळू श्वास सोडावा. धाप कमी होते. खर्रा सोडू इच्छिणाऱ्यांसही याचा उपयोग आहे, कारण तलफेची तीव्र लाट बहुधा काही मिनिटांचीच असते आणि तेवढा वेळ श्वासावर काढता येतो.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. आपल्याच जिल्ह्यात कार्यरत असलेल्या डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात स्वतःच्या आजारानंतर आहार, व्यायाम, योग व ध्यान यांनी जीवनक्रम कसा पालटला ते सांगितले आहे.

तथापि मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मंद श्वसनाच्या सरावाने रक्तदाब थोडासा उतरू शकतो, पण गोळी बंद करण्याइतका नव्हे. दम्याच्या रुग्णाने श्वसनौषध सोडू नये. कपालभाती व भस्त्रिका या वेगवान क्रिया गर्भवतींनी, हृदयरोग वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी करू नयेत. कुणाही जाणत्याच्या आग्रहावरून तर नाहीच.

आता लेकराच्या श्वासाविषयी, आणि हा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातील कार्यकर्ते व दाईंना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास आणि त्यावर औषध देण्यास शिकविले. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असलेले साधन बनविले गेले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संस्थेच्या अभ्यासानुसार, उपक्रमाच्या गावांत पाच वर्षांखालील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी ८.१ होते, तर तुलनेच्या गावांत १७.५.

खोकला वा ताप असलेल्या बालकाचा श्वास आईवडिलांनाही मोजता येतो. मूल रडत किंवा दूध पीत नसताना अंगावरचे कपडे वर करावेत आणि पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बालकात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे चिन्ह होय. बालक दोन महिन्यांहून लहान असल्यास संख्या पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा मूल दूध पीत नसेल, तर मोजण्यातही वेळ दवडू नये. सकाळची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात निघावे. पावसाळ्यात वाटेवरचा नाला चढण्याची शक्यता असेल तर त्याआधीच.