सदस्यत्वाची अट आणि संविधानाची वाट : लैंगिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा युरोपातील व महाराष्ट्रातील प्रवास

प्रस्तावना

राष्ट्रसमूहात प्रवेश मिळावा म्हणून एखाद्या राष्ट्राने आपले कायदे बदलावेत, असे युरोपात गेल्या तीन दशकांत वारंवार घडले आहे. समलिंगी, उभयलैंगिक व तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या तेथील संघटनांच्या हाती या प्रवेशेच्छेने एक प्रभावी साधन दिले. दक्षिण आशियात असे साधन कधीच नव्हते. १९८५ मध्ये स्थापन झालेली सार्क संघटना सभासद राष्ट्रांच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप न करण्याच्या तत्त्वावरच उभी आहे. असे असूनही मुंबई-पुण्यात आकारास आलेल्या चळवळीने भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाविरुद्धच्या लढ्यात महत्त्वाचा वाटा उचलला. दोन भिन्न वाटांनी मिळालेल्या या हक्कांच्या टिकाऊपणात काही फरक पडतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रवेशाची अट

युरोपीय संघाने १९९३ मध्ये कोपनहेगन येथे प्रवेशाचे निकष ठरविले. त्यांत लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क व अल्पसंख्याकांचे संरक्षण यांचा समावेश होता; लैंगिक अल्पसंख्याकांचा मात्र नामोल्लेख नव्हता. १९९८ मध्ये युरोपीय संसदेने ठराव करून, समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायद्याद्वारे भंग करणाऱ्या राष्ट्राच्या प्रवेशास संमती दिली जाणार नाही, असे जाहीर केले. रुमानियाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे २०० वे कलम २००१ मध्ये रद्द केले, त्यामागे हा दबाव होता.

परंतु कायदा होणे आणि समाजाने तो स्वीकारणे यांतील अंतर सर्बियाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. तेथे २००९ मध्ये भेदभावविरोधी कायदा झाला. पुढच्याच वर्षी बेलग्रेड येथे निघालेल्या अभिमान यात्रेच्या वेळी हजारो विरोधक व पोलीस यांच्यात तीव्र चकमकी झाल्या आणि त्यानंतर सलग तीन वर्षे यात्रेस बंदी राहिली. २०१७ मध्ये स्वतःची समलिंगी ओळख न लपविणाऱ्या आना ब्रनाबिच पंतप्रधान झाल्या. तथापि त्यांच्या कारकिर्दीतही समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारा कायदा संमत झाला नाही. जॉर्जियाने २०१४ मध्ये असाच भेदभावविरोधी कायदा केला, २०२३ मध्ये त्यास उमेदवार राष्ट्राचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्याच देशाच्या संसदेने या समूहांच्या अभिव्यक्तीवर बंधने घालणारा कायदा संमत केला. प्रवेश मिळाल्यानंतर तर अटीची धार अधिकच बोथट होते. २००४ पासून सदस्य असलेल्या हंगेरीने २०२५ मध्ये अशा यात्रांवर बंदी घालण्याचा मार्ग कायद्याने मोकळा केला, हे त्याचे ठळक प्रमाण होय.

महाराष्ट्रातील वाटचाल

अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना केली व मराठीतून या विषयावर सातत्याने लेखन केले. मराठीत या विषयाला सभ्य शब्दच नव्हते, हे ध्यानात घेता या लेखनाचे मोल मोठे आहे.

बाह्य दबाव येथे अगदीच नव्हता असे नाही. तो एड्सच्या साथीच्या रूपाने आला. रोगप्रतिबंधासाठी शासनाला या संस्थांशी बोलणे भाग पडले. नाझ फाउंडेशनच्या याचिकेत केंद्र शासनाचे दोन विभाग परस्परविरुद्ध भूमिका घेऊन उभे राहिले : गृह मंत्रालय कलमाचे समर्थन करीत होते, तर कलमामुळे प्रतिबंधकार्यात अडथळा येतो असे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना सांगत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. या निकालात डजन खटल्याचा (१९८१) आधार घेतला आहे. हा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा. हे न्यायालय युरोपीय संघाचे नव्हे, आणि या दोहोंची गल्लत आपल्याकडे नेहमी होते. म्हणजे युरोप भारतात आला तो अट म्हणून नव्हे, तर युक्तिवाद म्हणून.

ही वाटही सरळ नव्हती. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. मात्र १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला. या प्रकरणात महाराष्ट्रातील लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी हस्तक्षेप अर्ज केला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने संमतीचे संबंध एकमताने गुन्हामुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहास मान्यता देण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. संविधानाची वाट लांबची आणि मागे फिरविणारीही आहे. पण तिच्यावर मिळालेला हक्क कोणा तिसऱ्याला खूश करण्यासाठी दिलेला नसतो, म्हणून तो परका म्हणून नाकारणे अवघड जाते.

तालुका पातळीवरील अंमलबजावणी

तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या नागपूर-अमरावती महामार्गावरील गावात हा विषय महानगरी वाटण्याचा संभव आहे. तथापि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी विनियमांत दुरुस्ती करून लैंगिक कल व तृतीयपंथी ओळख यांवरून होणारा छळ आणि बहिष्कार यांचाही रॅगिंगमध्ये समावेश केला. वर्ग, वसतिगृह व उपाहारगृह येथील टोमणे यामुळे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहिले नाहीत. तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याने ओळख प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपविले, म्हणजे आष्टी तालुक्यातील विद्यार्थ्याचा अर्ज वर्ध्याला जाणार. प्रमाणपत्र हाती आल्यावर प्रवेश-नोंदवही, हजेरीपट, ओळखपत्र आणि वसतिगृहाची यादी यांतील नोंदी बदलण्याचे काम मात्र महाविद्यालयाच्या कार्यालयातच व्हावयाचे असते.